बास्केटबॉल आफ्रिका लीगचा पहिला हंगाम (किगाली, २०२१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२१मध्ये रवांडाची राजधानी किगाली इथे पंधरवड्यात २६ सामने झाले आणि १२ देशांच्या १२ क्लबांमधून एक विजेता ठरला. या हंगामाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तो रॅपर खेळला होता, तीच ना?" हो, तीच. त्याचं उत्तर खाली आहे, पण जरा उशिरा येईल. कारण मला विचाराल तर या हंगामाची खरी गंमत रॅपरमध्ये नाही. ती रेल्वे, पोलीस आणि कस्टमच्या संघांमध्ये आहे.

ही लीग नेमकी कुणाची?

अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग एनबीए आणि बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना फिबा, या दोघांची मिळून. एनबीएचे कमिशनर ॲडम सिल्व्हर आणि फिबाचे सरचिटणीस आंद्रेयास झाग्क्लिस यांनी १६ फेब्रुवारी २०१९ला शार्लट शहरात, ऑल-स्टार सामन्याच्या गडबडीत तिची घोषणा केली. उत्तर अमेरिकेबाहेर लीग चालवायला एनबीएने हात घालण्याची ही पहिलीच वेळ. लीगचे अध्यक्ष म्हणून अमादू गालो फाल यांना नेमलं. हे सेनेगलचे. १९९८मध्ये त्यांनी आपल्या देशात शिक्षण आणि बास्केटबॉल एकत्र देणारी सीड अकादमी काढली होती. तिथे शिकलेला गोर्गी जिएंग पुढे एनबीएत खेळला. तेव्हा आयात केलेला साहेब नेमला, असं इथे म्हणता येत नाही.

इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला बीएएल म्हणतात. मराठीत सरळ 'बाल' लिहिलं तर बालवाडीची स्पर्धा वाटेल, म्हणून इथे बीएएलच लिहितो.

एकाच लीगमध्ये इतके देश? मग ही देशांची स्पर्धा नाही का?

नाही. खेळतात ते क्लब. देशाचं निशाण छातीवर नसतं, क्लबचं असतं. युरोपात युरोलीग आहे, जुन्या युगोस्लाव्हियाचे तुकडे झाल्यावर त्या देशांतल्या क्लबांनी २००१मध्ये सुरू केलेली एड्रियाटिक लीग आहे. बीएएल त्याच जातकुळीतली. फरक एवढाच की तिथे लोक बसने शेजारच्या देशात सामन्याला जाऊ शकतात. इथे मादागास्करच्या अंतानानारिवोहून किगालीला यायचं तर समुद्र ओलांडावा लागतो.

प्रेक्षक मात्र आपापल्या क्लबमागे देश उभा करतातच. ट्युनिशियाचा संघ म्हटलं की सगळं ट्युनिशिया त्याचं.

पहिला हंगाम २०२०मध्ये व्हायचा होता ना?

हो. १३ मार्च २०२०ला सेनेगलच्या डाकारमध्ये पहिला चेंडू उडायचा होता. मूळ बेतही वेगळा होता: सहा-सहा संघांचे दोन गट, कैरो, डाकार, लागोस, लुआंडा, राबात आणि ट्युनिशियातलं एक शहर अशी फिरती साखळी, आणि शेवटचे सामने फक्त किगालीत. मग कोरोना आला. सेनेगल सरकारच्या सांगण्यावरून ३ मार्चलाच लीगने सुरुवात पुढे ढकलली. एनबीएने आपला हंगाम थांबवला तो त्यानंतर आठवडाभराने, ११ मार्चला. म्हणजे सावधपणात धाकट्याने थोरल्याला मागे टाकलं.

त्यानंतर चौदा महिने गेले. फिरती लीग बाजूला पडली आणि सगळे संघ एका शहरात, एका 'बबल'मध्ये आणून १६ ते ३० मे २०२१ या काळात हंगाम उरकायचं ठरलं. 'उरकायचं' हा शब्द मुद्दाम वापरला. सहा शहरांत आपापल्या माणसांसमोर खेळायचं स्वप्न होतं, मिळालं एक मैदान आणि मर्यादित प्रेक्षक.

१२ संघ निवडले कसे?

अंगोला, इजिप्त, मोरोक्को, नायजेरिया, सेनेगल आणि ट्युनिशिया या सहा देशांच्या विजेत्या क्लबांना थेट प्रवेश मिळाला. उरलेल्या सहा जागांसाठी २०१९च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पात्रता फेऱ्या झाल्या आणि अल्जीरिया, कॅमेरून, मादागास्कर, माली, मोझांबिक, रवांडा इथले क्लब आत आले. (त्याच ऑक्टोबरात, ४ आणि ५ तारखेला, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि किंग्ज हे एनबीएचे संघ सरावाचे सामने खेळत होते. एनबीए एकाच वेळी दोन दारं ठोठावत होती. एक लवकर उघडलं.)

गट असे पडले:

गट अ: पेट्रियट्स (किगाली, रवांडा), रिव्हर्स हूपर्स (पोर्ट हारकोर्ट, नायजेरिया), यूएस मोनास्तिर (ट्युनिशिया), जीएनबीसी (मादागास्कर).

गट ब: पेत्रो द लुआंडा (अंगोला), एएस साले (मोरोक्को), एफएपी (कॅमेरून), एएस पोलीस (माली).

गट क: झमालेक (इजिप्त), एएस दुआन (सेनेगल), फेरोव्हियारिओ द मापुतो (मोझांबिक), जीएस पेत्रोलिए (अल्जीरिया).

एक खोच लक्षात ठेवा. ही तिकिटं २०१९ची होती. २०२१च्या मेमध्ये कोर्टवर उतरलेले काही खेळाडू, पात्रता मिळवली तेव्हा त्या क्लबात नव्हतेच. दीड वर्षात माणसं बदलली, नाव तेच राहिलं.

पोलीस, कस्टम, रेल्वे: ही खरोखर संघांची नावं आहेत?

खरोखर आहेत, आणि माझा आवडता प्रश्न हाच. वरची यादी पुन्हा वाचा, या वेळी अर्थ लावून.

'दुआन' म्हणजे फ्रेंचमध्ये कस्टम, सीमाशुल्क खातं. डाकारचा हा क्लब कस्टमवाल्यांचा. बामाकोचा एएस पोलीस नावाप्रमाणे पोलिसांचा. कॅमेरूनच्या एफएपीमधली अक्षरं सशस्त्र दलं आणि पोलीस यांची. मादागास्करचा जीएनबीसी तिथल्या जांदार्मेरीचा, म्हणजे निमलष्करी पोलिसांचा. पोर्तुगीजमध्ये 'फेरोव्हियारिओ' म्हणजे रेल्वेवाला. १९२४मध्ये निघालेला मापुतोचा हा क्लब मोझांबिकच्या बंदर आणि रेल्वे कंपनीच्या मुळावर वाढला, आणि बेइरा, नाम्पुला या शहरांतही फेरोव्हियारिओ आहेतच. अल्जीयर्सचा पेत्रोलिए सरकारी तेल कंपनी सोनात्राकच्या आधाराने चालतो, लुआंडाचा पेत्रो सोनांगोल या अंगोलाच्या तेल कंपनीच्या.

मोजलंत? १२पैकी ७. बातम्यांत 'आफ्रिकेची एनबीए' म्हणून आलेल्या लीगमध्ये निम्म्याहून जास्त संघ सरकारी खात्यांचे आणि सरकारी कंपन्यांचे.

परदेशी पत्रकारांना याचं नवल वाटलं. आपल्याला वाटायचं कारण नाही. आपल्याकडे बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे आणि सेनादलाचे संघ राज्यांना पाणी पाजतात. फेडरेशन कपाच्या यादीत ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, आयकर खातं ही नावं असायची. मुंबईत कबड्डी पाहत मोठा झालेला माणूस तर एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र, देना बँक हे संघ म्हणूनच ओळखतो, विमान आणि बँक नंतर. खेळाडूला आधी नोकरी, मग खेळ. दुखापत झाली तरी पगार चालू, निवृत्तीनंतर टेबल-खुर्ची. हा हिशेब डाकारलाही तसाच मांडला गेला, मापुतोलाही. फ्रेंच किंवा पोर्तुगीज राजवटीने मागे ठेवलेल्या खात्यांना स्वातंत्र्यानंतर क्लबांची जोड मिळाली, किंवा होते ते क्लब खात्यांनी पोसले.

म्हणून बीएएलचा पहिला हंगाम बघताना मला सारखं वाटत होतं की ही आपली 'ऑफिस टीम'वाली स्पर्धा आहे. फक्त अंगावर नायकेचा नवाकोरा ड्रेस, हातात विल्सनचा चेंडू आणि वर मोठा स्क्रीन. हे मी हिणवून म्हणत नाही. चमकत्या लीग पैशाने सहा महिन्यांत उभ्या करता येतात, चाळीस-पन्नास वर्षं जुना कस्टमचा संघ तसा उभा करता येत नाही.

सगळे सामने किगालीतच का?

कारण तिथे मैदान तयार होतं आणि सरकार तयार होतं. किगाली अरीना हे सुमारे १०,००० आसनांचं बंदिस्त स्टेडियम तुर्की कंपनी सुम्माने सहाएक महिन्यांत बांधलं आणि ऑगस्ट २०१९मध्ये ते उघडलं. (२०२२पासून बँकेच्या प्रायोजकत्वामुळे त्याचं नाव बीके अरीना झालं.) शिवाय रवांडाचं पर्यटन जाहिरातखातं लीगच्या पहिल्या प्रायोजकांपैकी एक. आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या बाहीवर 'व्हिजिट रवांडा' वाचलं असेल, तेच हे.

छोट्या, भूवेष्टित देशाने बास्केटबॉलवर एवढा खर्च करावा का, आणि हा खर्च खेळासाठी की देशाची प्रतिमा धुऊन काढण्यासाठी, हा वाद तेव्हाही होता आणि आजही आहे. वाद खोटा नाही. आणि मैदान उत्तम आहे, हेही खोटं नाही.

स्पर्धेचं स्वरूप कसं होतं?

चार संघांचे तीन गट, प्रत्येकाचे तीन साखळी सामने: झाले १८. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरच्यांतले सर्वोत्तम दोन असे आठ संघ बाद फेरीत. चार उपांत्यपूर्व, दोन उपांत्य, एक तिसऱ्या क्रमांकासाठी, एक अंतिम. एकूण २६.

यात एका रात्रीत सगळं संपायची सोय होती. एनबीएसारखी सात सामन्यांची मालिका नाही, एकच सामना, हरलात की विमानतळ.

नियम एनबीएचे की फिबाचे?

फिबाचे. १० मिनिटांचे चार डाव, पाचव्या फाउलला बाहेर, तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर. एनबीए बघायची सवय असेल तर सामना लवकर संपल्यासारखा वाटेल: ४८च्या जागी ४० मिनिटं.

परदेशी खेळाडू किती चालत होते?

संघात जास्तीत जास्त चार, आणि त्यातले आफ्रिकेबाहेरचे फक्त दोन. बाकी सगळे त्या देशाचे नागरिक. हा नियम मला लीगमधला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. नाहीतर तेलाच्या पैशावर अख्खा अमेरिकन संघ विकत घेऊन एखाद्या क्लबने पंधरा दिवसांत कप नेला असता.

बरं, आता सांगा. तो रॅपर खरंच खेळला?

खेळला. जे. कोल, म्हणजे जर्मेन कोल, अमेरिकेतला पहिल्या फळीतला रॅपर. यजमान पेट्रियट्सने त्याला करारावर घेतलं. १६ मेच्या सलामीच्या सामन्यात तो रिव्हर्स हूपर्सविरुद्ध उतरला आणि त्याच्या नावावर ३ गुण, ३ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), २ असिस्ट (बास्केटआधीचा पास) लागले. पेट्रियट्स ८३–६० असे जिंकले. जगभरच्या बातम्यांत मथळा कुणाचा आला, हे सांगायला नको. दोनच दिवसांपूर्वी त्याचा नवा अल्बम बाजारात आला होता, हा योगायोग मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

तीन सामन्यांत मिळून त्याचे ५ गुण झाले आणि साखळी संपताच तो घरच्या कारणासाठी परत गेला. पेट्रियट्स पुढे उपांत्य फेरीपर्यंत गेले, त्याच्याशिवाय.

त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही का?

घेतला, आणि तोही स्पर्धेत सगळ्यात जास्त गुण काढणाऱ्याने. साले संघाचा अमेरिकन गार्ड (चेंडू खेळवणारा खेळाडू) टेरेल स्टॉग्लिन जाहीरपणे म्हणाला की ज्याच्याकडे दुसरा धंदा आणि भरपूर पैसा आहे त्याने येऊन सामन्याला एखाद-दुसरा गुण काढावा आणि डोक्यावर घेतलं जावं, हा इतरांचा अपमान आहे. ती जागा एखाद्या पोट भरणाऱ्या खेळाडूची होती, असा त्याचा मुद्दा.

स्टॉग्लिनचं म्हणणं पटतं. आफ्रिकेबाहेरच्यांना दोनच जागा, त्यातली एक पाहुण्याला दिली. पण दुसरी बाजूही आहे. कोलने मैदानावर नखरे केले नाहीत, धावला, बचाव केला, सांगितलं तेव्हा बसला. आणि त्याच्यामुळे ज्या लाखो लोकांनी 'किगाली' हा शब्द नकाशावर शोधला, त्यातल्या काहींनी तरी पुढचा सामना बघितला असेल. मी त्यातलाच एक, हे मान्य करून टाकतो. वर "रॅपरमध्ये गंमत नाही" म्हणालो, तरी दार त्यानेच दाखवलं.

पुढच्या वर्षी तो कॅनडाच्या लीगमध्येही काही सामने खेळला. म्हणजे हौस खरी होती.

उपांत्यपूर्व फेरीत बघण्यासारखा सामना कोणता?

पेट्रियट्स ७३, फेरोव्हियारिओ ७१. एकीकडे यजमान, दुसरीकडे मापुतोचे रेल्वेवाले. दोन गुणांनी गाडी चुकली. बाकी तिन्ही निकाल: पेत्रो द लुआंडा ७९–७२ साले, मोनास्तिर ८६–६२ दुआन, झमालेक ८२–५३ एफएपी. साले हरला आणि स्टॉग्लिनची मोहीमही तिथेच संपली. चार सामन्यांत सरासरी ३०.८ गुण काढून तो घरी गेला. एकटा माणूस तीस काढतो आणि संघ हरतो, हे बास्केटबॉलमध्ये वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

उपांत्य सामन्यात यजमानांचं काय झालं? ८७–४६ हा आकडा बरोबर आहे?

बरोबर आहे, दुर्दैवाने. मोनास्तिरने पेट्रियट्सना ४१ गुणांनी हरवलं. साखळीतही मोनास्तिरने त्यांना हरवलं होतं, पण हे वेगळंच होतं. घरच्या माणसांसमोर असं होणं वाईट. दुसऱ्या उपांत्य सामन्यात झमालेकने पेत्रोला ८९–७१ असं मागे टाकलं. तिसऱ्या क्रमांकासाठी पेत्रोने पेट्रियट्सना ९७–६८ हरवलं. पेट्रियट्सचा दम तोवर संपला होता.

अंतिम सामना कसा झाला?

३० मे २०२१. झमालेक ७६, मोनास्तिर ६३.

तोवर दोघेही एकही सामना हरले नव्हते, त्यामुळे चुकून वर आलेला संघ कुणी नव्हता. एका बाजूला नाईलमधल्या बेटावरच्या वस्तीचं नाव लावणारा, १९११चा कैरोचा बडा क्लब. दुसऱ्या बाजूला समुद्रकाठचं छोटं मोनास्तिर, ज्याची ओळख ट्युनिशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा यांचं जन्मगाव आणि त्यांची कबर अशी आहे. मोनास्तिरचा कणा होता मक्रम बेन रोमदान, राष्ट्रीय संघाचा मुरलेला खेळाडू. झमालेककडे जवळजवळ सात फुटी अनस महमूद बास्केटखाली उभा, आणि चेंडू वॉल्टर हॉजच्या हातात.

हॉजबद्दल दोन ओळी जास्त लिहितो. तो व्हर्जिन आयलंड्सकडून खेळणारा गार्ड. फ्लोरिडा विद्यापीठाने २००६ आणि २००७ अशी सलग दोन वर्षं अमेरिकन कॉलेज विजेतेपदं घेतली, त्या संघात तो होता. त्याच्या सोबतचे काही जण एनबीएत गेले, नाव झालं, करोडो कमावले. हॉज देशोदेशीच्या लीग फिरत राहिला. बास्केटबॉलची दुनिया अशा माणसांवर चालते: दरवर्षी नवा देश, नवी भाषा, नवा प्रशिक्षक. पस्तिशीच्या उंबरठ्यावर किगालीत त्याला स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं गेलं. मला त्या रात्री कपापेक्षा याचा आनंद जास्त झाला.

बाकीची पारितोषिकं कुणाला मिळाली?

सर्वाधिक गुण: टेरेल स्टॉग्लिन. सर्वोत्तम बचाव: अनस महमूद. खिलाडूवृत्ती: मक्रम बेन रोमदान.

झमालेक म्हणजे फुटबॉलचा क्लब ना?

तोच. अल अहली आणि झमालेक हे कैरोचं वैर म्हणजे कोलकात्याचं मोहन बागान-ईस्ट बंगाल, फक्त आवाज आणखी मोठा. या क्लबांत फुटबॉल मुख्य, पण हँडबॉल, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल सगळं एकाच निशाणाखाली चालतं. झमालेकने बास्केटबॉलमध्ये आफ्रिकेचं क्लब विजेतेपद १९९२मध्येही घेतलं होतं. मध्ये २९ वर्षं गेली.

यात एक मसालेदार तपशील आहे. २०२१मध्ये झमालेकला जिंकून देणारे स्पॅनिश प्रशिक्षक अगुस्ती जुल्बे. २०२३मध्ये बीएएल जिंकली अल अहलीने. प्रशिक्षक कोण? अगुस्ती जुल्बे. कैरोतल्या चहाच्या टपऱ्यांवर यावर किती कप रिकामे झाले असतील!

बीएएलच्या आधी आफ्रिकेत असं काही नव्हतंच का?

होतं की. "एनबीए आली आणि आफ्रिकेला बास्केटबॉल मिळालं" हे जाहिरातीतलं वाक्य आहे. फिबा आफ्रिकेची क्लब स्पर्धा कित्येक दशकं चालत होती. तिच्यात सर्वाधिक नऊ विजेतेपदं आहेत अंगोलाच्या प्रिमेइरो द आगोस्तोची. हा सैन्याचा क्लब, म्हणजे पुन्हा तेच खातं-प्रकरण. जुन्या स्वरूपातला २०१९चा शेवटचा कपही त्यांनीच, सालेला हरवून, घेतला.

आणि तरी बीएएलच्या पहिल्या हंगामात ते नव्हते. अंगोलाची एकच जागा, आणि देशांतर्गत विजेता होता पेत्रो. आफ्रिकेचा गतविजेता आफ्रिकेच्या नव्या लीगमध्ये नाही, असा हा प्रकार. माझ्या मते पहिल्या हंगामातली ही सर्वांत मोठी उणीव.

पैसा कुठून येतो?

मे २०२१मध्येच, स्पर्धा चालू असताना, एनबीएने 'एनबीए आफ्रिका' ही वेगळी कंपनी जाहीर केली. तिचं मूल्य जवळपास १०० कोटी डॉलर धरलं गेलं. गुंतवणूकदारांत आफ्रिकेतल्या उद्योगांबरोबर डिकेम्बे मुटोम्बो, लुओल डेंग, जोआकिम नोआ, ग्रँट हिल असे माजी खेळाडू होते. तिकीटविक्रीवर हे चालत नाही, प्रायोजक आणि या भांडवलावर चालतं.

सीमा ओलांडणाऱ्या लीगला राजकारण नडत नाही का?

नडतं. पहिल्या हंगामात कोरोनाच इतका मोठा होता की बाकी काही दिसलं नाही. २०२४मध्ये मात्र उघडं पडलं. बुरुंडीच्या डायनॅमो क्लबने प्रिटोरियातल्या सामन्यांत ड्रेसवरचं 'व्हिजिट रवांडा' मिरवायला नकार दिला. पहिल्या सामन्यात त्यांनी ती अक्षरं झाकली आणि जिंकलेही. त्यानंतर ड्रेसच्याच वादात दोन सामने सोडावे लागले आणि ते स्पर्धेबाहेर गेले. त्याच वर्षी जानेवारीत बुरुंडीने रवांडाची सीमा बंद केली होती. खेळाडूंना छातीवर शेजाऱ्याची जाहिरात लावून घरी परतायचं होतं. त्यांची अडचण मला समजते. मुख्य प्रायोजक एक देश असला की हा पेच कधीतरी येणारच होता.

पहिल्या हंगामानंतर काय झालं?

२०२२मध्ये मोनास्तिरने बदला घेतला म्हणा ना, पण झमालेकवर नाही: अंतिम सामन्यात त्यांनी पेत्रोला ८३–७२ हरवलं. २०२३मध्ये अल अहलीने दुआनला ८०–६५. कस्टमवाले अंतिम फेरीपर्यंत पोचले, हे माझ्या पक्षाला पुरेसं आहे. २०२४मध्ये पेत्रो द लुआंडाने लिबियातल्या बेनगाझीच्या अल अहलीला (नाव कैरोवाल्यांचंच, क्लब वेगळा) १०७–९४ हरवून कप पहिल्यांदा सहाराच्या दक्षिणेला आणला. २०२५मध्ये अंतिम सामने किगालीबाहेर, प्रिटोरियात झाले, आणि लिबियाच्याच त्रिपोलीतल्या तिसऱ्या एका अल अहलीने पेत्रोला ८८–६७ हरवलं.

फिरती लीग, जी २०२०मध्ये व्हायची होती, ती २०२२पासून डाकार, कैरो अशा शहरांत सुरू झाली.

भारताशी याचा काही संबंध?

थेट नाही. एक समांतर रेघ आहे. २०१७मध्ये एनबीएने सेनेगलमध्ये आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात अशा दोन अकादम्या काढल्या. सेनेगलच्या अकादमीतल्या मुलांना २०२२पासून थेट बीएएलच्या संघांत जागा मिळू लागली, प्रत्येक संघात एक. आपल्या मुलांना अकादमीतून बाहेर पडल्यावर अशी घरची व्यावसायिक लीग वाट बघत नव्हती. मुंबईत नागपाड्याच्या कोर्टवर संध्याकाळी खेळणाऱ्या पोराला विचारा, तो याचा अर्थ तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला सांगेल.

बघायला सुरुवात कुठून करू?

लीगच्या यूट्यूब वाहिनीवर शोधा. सलामीचा सामना रॅपरसाठी बघून टाका, म्हणजे ते एकदाचं संपेल. मग पेट्रियट्स-फेरोव्हियारिओ हा दोन गुणांचा. त्यानंतर अंतिम सामना. किगालीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, तेव्हा पुढचे हंगाम थेट बघायचे झाले तर संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण यांच्यामध्ये बसतात किंवा जेवण लांबवतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा.